उत्तराआधीचे नऊ सेकंद

प्रशिक्षण म्हटलं की आम्हा मास्तर लोकांना पहिला प्रश्न पडतो तो जेवणाचा. दुसरा, सही किती वाजता घेणार. शिकवणार काय, हा प्रश्न शेवटच्या दिवशी दुपारी पडतो आणि तोवर समारोपाचा चहा आलेला असतो. सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी इतकी प्रशिक्षणं केली आहेत की त्यात मिळालेल्या पिशव्यांमध्ये अख्ख्या तांड्याचा बाजार मावेल.

२०३४ सालच्या जुलैत ‘उमज’चं प्रशिक्षण लागलं, तेव्हाही मी अशीच पिशवी मिळेल म्हणून गेले होते. मी संजीवनी खंदारे. सावळी तांड्यावरच्या दोन शिक्षकी शाळेत मी आणि मुख्याध्यापक लोखंडे सर. केंद्रशाळेच्या हॉलमध्ये आम्ही चाळीस जण बसलो होतो. शिकवायला पुण्याहून केतकी सबनीस नावाची इंजिनिअर आली होती. माझ्या मुलीच्या वयाची. तिने आम्हाला पावसाची टाळी वाजवायला लावली नाही, गट पाडून तक्ते रंगवायला लावले नाहीत. एवढ्यावरच ती मला आवडली.

उमज म्हणजे फळ्याच्या वर लावायची, बुटांच्या खोक्याएवढी पेटी. तिला दोन कॅमेरे आणि प्रत्येक पोराचा आवाज वेगळा ओळखणारे बारीक माइक. शिक्षकाच्या कानात शेंगदाण्याएवढं एक यंत्र.

“समजणं म्हणजे काय, हे आम्ही या पेटीला सांगितलेलं नाही,” केतकी म्हणाली. “खरं तर ते कुणालाच नीट सांगता येत नाही. आम्ही तिला फक्त वर्ग दाखवणार. हजारो वर्ग. बाईंनी प्रश्न विचारला, मुलाने किती सेकंदांनी तोंड उघडलं, नजर कुठे गेली, आवाज कसा होता, उत्तर काय आलं. ते बघून बघून ती आपली आपणच शिकेल, की समजलेलं मूल कसं दिसतं आणि न समजलेलं कसं. मग शिकवताना तुमच्या कानात हळूच सांगेल, थांबा, मागच्या तिघांना कळलेलं नाही.”

“म्हणजे सासूच की,” लोखंडे सर म्हणाले. “कोपऱ्यात बसून सगळं बघणार अन् कानाशी लागणार.”

हॉल हसला. त्या दिवसापासून आमच्या तालुक्यात उमजचं नाव सासूबाईच पडलं.

केतकीही हसली. मग जरा गंभीर होऊन म्हणाली, “माझी एकच विनंती आहे. ती जे बघेल तेच शिकेल. म्हणून रेकॉर्डिंगचे पाठ नेहमीसारखे घ्या. तयारी नको. मुलं चुकू देत, गप्प बसू देत, गोंधळ होऊ दे. मला तोच हवाय.”

ती जेवायला गेली आणि आमचे केंद्रप्रमुख पुंडकर साहेब उठले. परिसरातल्या सगळ्या शाळांवर देखरेख त्यांची. आवाज न चढवता बोलणारा माणूस, आणि अशा माणसाचीच जास्त भीती वाटते.

“ऐकलं ना, मॅडम काय म्हणाल्या? नेहमीसारखे घ्या,” ते म्हणाले. “हे पाठ मंत्रालयापर्यंत जाणार आहेत. नेहमीसारखे म्हणजे कसे, ते मला सांगायला लागू नये.”

लागलं नाही. आम्हाला आदर्श पाठ ठाऊक होता. बाहेरच्यांना सांगायला हवं, म्हणून सांगते. शाळेला मोठी भेट येणार असली की आठ दिवस आधी एक पाठ निवडायचा. तोच रोज घ्यायचा. कोणता प्रश्न कुणाला, हे ठरलेलं. हात सगळ्यांनी वर करायचा. येत असेल त्याने उजवा, येत नसेल त्याने डावा, म्हणजे बाईंना बरोबर कळतं आणि साहेबांना सगळा वर्ग हुशार दिसतो. अगदीच अडखळणारी पोरं त्या दिवशी घरी. आणि यातली खरी कारागिरी म्हणजे, एक चूक मुद्दाम ठेवायची. एखाद्या चुणचुणीत पोराने झटकन चुकीचं उत्तर द्यायचं, बाईंनी गोड हसून दुरुस्त करायचं, पोराने लगेच बरोबर सांगायचं. त्याशिवाय पाठ खरा वाटत नाही. यात कुणाला लबाडी वाटत नाही. पाहुणे येणार म्हणून घर आवरावं, इतकं ते आमच्या अंगवळणी पडलेलं आहे.

मी भाकरीचा पाठ निवडला. दुसरीचा वर्ग, अर्धा आणि पाव. खरी भाकरी आणायची, मोडायची, विचारायचं. तिसऱ्या दिवशीच्या तालमीत मी विचारलं, “एक भाकरी चौघांत सारखी वाटली, तर प्रत्येकाला किती?” सगळे ओरडले, “पाव!” सेजल आडे नावाची मुलगी तेवढी गप्प. डोळे खिडकीबाहेर, ओठ हलताहेत. तिच्या घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली बोलतात. प्रश्न मराठीतून घरी न्यायचा, तिथे त्याचा विचार करायचा आणि उत्तर मराठीत घेऊन परत यायचं, अशी तिची वारंवार खेप चाले. बाकीची पोरंही तांड्यावरचीच, पण ती प्रश्न घरी नेत नसत. मी शिकवलेलं तिथल्या तिथे परत करत. मी पुढे जाणार तेवढ्यात सेजल म्हणाली, “भाकर केवढी हाय, त्यावर हाय मॅडम.”

“म्हणजे?”

पुन्हा तेवढाच वेळ गेला. “माह्या याडीच्या भाकरीचा पाव अन् हॉटेलातल्या भाकरीचा पाव सारखा नसते. पाव म्हटलं तरी पोट भरते का नाई, ते कसं समजन?”

आईला याडी म्हणणारी सात वर्षांची पोर. अपूर्णांकाचा अख्खा गाभा तिने माझ्या हातावर ठेवला होता. मी तिला जवळ घ्यायला हवं होतं. मी काय केलं? मनात म्हटलं, ही रेकॉर्डिंगच्या दिवशी घोटाळा करणार.

रेकॉर्डिंगच्या दिवशी सेजल आणि आणखी पाच जणांना लोखंडे सरांनी परसबागेत वांग्यांना पाणी घालायला नेलं. पाठ झकास झाला. माझा प्रश्न संपायच्या आत उत्तरं येत होती. चूक ठरल्या जागी झाली, मी गोड हसले. महिन्याभराने पत्र आलं. राज्यभरातून निवडलेल्या बारा ‘बीजपाठां’मध्ये माझा पाठ होता. उमज सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त वेळा तो बघणार होती. तालुक्याला माझा सत्कार झाला, पुंडकर साहेबांनी स्वतः शाल घातली. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, खूप आनंद झाला.

दोन वर्षांनी पेट्या आल्या. सेजल तेव्हा चौथीत होती. वर्गाबरोबर मीही पुढे सरकत आले होते.

उमजला नावं ठेवायला मला सुरुवातीला जागाच सापडली नाही. रोजच्या माहित्या भरणं बंद झालं, कारण ती स्वतःच भरायची. विलास नावाच्या पोराला डाव्या कानाने कमी ऐकू येतं, हे मला तीन वर्षांत कळलं नव्हतं, तिने चार दिवसांत सांगितलं. मी फार भरभर बोलते, हेही सांगितलं. घरच्यांनी कधी सांगायची हिंमत केली नव्हती.

पण मी प्रश्न विचारून थांबले, की चार सेकंदांनी कानात यायचं, “प्रतिसाद नाही. पुढे चला.”

मी थांबायचे. ती पुन्हा म्हणायची, “पुढे चला.” तोवर सेजलची खेप अर्ध्या वाटेवर असायची. ती तोंड उघडायची तेव्हा प्रश्न दुसऱ्याकडे गेलेला असायचा. सेजलला किती वेळ लागतो, हे मी कधी मोजलं नव्हतं. उमजने मोजलं होतं. सरासरी नऊ सेकंद.

दर महिन्याला प्रत्येक मुलाचा रंग पालकांच्या मोबाइलवर जायचा. हिरवा म्हणजे समजलं, पिवळा म्हणजे समजतंय, निळा म्हणजे समजत नाही. लागोपाठ तीन निळे आले, की मूल तालुक्याच्या आधार केंद्रात. तिथे वसतिगृह, खास शिक्षक, सोपा अभ्यासक्रम. योजना चांगल्या मनाने केलेली होती, यात शंका नाही. पण तिथे गेलेलं मूल परत आलेलं मी पाहिलं नाही. सोप्या अभ्यासक्रमातून अवघडाकडे येणारी वाट कुणी बांधलीच नव्हती.

सेजलचा दुसरा निळा आला त्या दिवशी तिची आई बबिता शाळेत आली. दारातच उभी राहिली.

“मॅडम, माही पोरगी येडी हाय का?”

“कोण म्हणतं असं?”

“मोबाइलवर आलं ना निळं. तांड्यात समदे म्हणतात, निळ्या पोराले गाडी येते अन् घेऊन जाते. घरी तर बरी हाय हो ते. बकऱ्याइचा हिशेब तिलेच इचारतो आमी. टाइम लागते तिले, पण चुकत नाई.”

“ती वेडी नाहीये बबिता. माझ्या वर्गात तिच्याइतकं डोकं कुणाला नाही.”

“मंग मशीन काहून तसं म्हणते?”

उजवा हात वर करावा की डावा, अशी माझी गत झाली. “मी बघते,” म्हणाले. “तिला कुठे जाऊ देणार नाही.” बबिताने माझ्या पायाला हात लावला. आमच्याकडे अजून असा विश्वास ठेवतात.

मी केतकीला फोन लावला. तिने ओळखलं, बीजपाठाच्या खंदारे मॅडम म्हणून फार आदराने बोलली. मी सेजलचं सांगितलं. तिने तिथल्या तिथे तपासलं.

“मॅडम, नऊ सेकंद खूपच जास्त आहेत. आमच्याकडे बासष्ट हजार पाठ आहेत. त्यात मुलांचा उत्तराला लागणारा वेळ सरासरी दीड सेकंद. चार सेकंदांच्या पुढे गप्प राहून बरोबर उत्तर दिलं, असं मूल जवळजवळ नाहीच. म्हणून उमजसाठी गप्प राहणं म्हणजे न समजणं.”

“आणि चुकलेली मुलं?”

“तीच गंमत आहे. चुका फार थोड्या, पण चुकणारी मुलं लगेच सुधारतात. त्यामुळे पटकन दिलेलं चुकीचं उत्तर ती चांगलं लक्षण मानते. आम्हालाही नवल वाटलं होतं.” मग म्हणाली, “मॅडम, एक विचारू? ते पाठ नेहमीसारखेच होते ना?”

फोन माझ्या कानाशी गरम झाला होता. ज्याने जन्मात फक्त लग्नाच्या पंगती बघितल्या, त्याला वाटणारच की माणसं रोज जिलबी खातात. आम्ही हजारो शिक्षकांनी मिळून त्या पेटीला पंगतीच दाखवल्या होत्या. थांबणारं, चाचपडणारं, खिडकीबाहेर बघून विचार करणारं पोर आम्ही तिला दिसूच दिलं नव्हतं. ती सगळी त्या दिवशी वांग्यांना पाणी घालत होती.

“का विचारता?” मी म्हटलं.

“कारण तसं नसेल, आणि कुणी लेखी दिलं, तर मला ते पाठ काढून टाकता येतील. नवीन पाठांवर पुन्हा शिकवता येईल. सहा महिने लागतील, पण तोवर सगळे निळे थांबवता येतील. फक्त तुमच्या जिल्ह्यातच चारशे सात मुलं निळी आहेत. बहुतेक तांड्यांवरची.”

“उद्या सांगते,” मी म्हणाले.

लोखंडे सरांना विचारलं, तर ते म्हणाले, मला निवृत्तीला सात महिने राहिलेत. दुसऱ्या दिवशी सकाळी परिपाठाच्या वेळीच पुंडकर साहेबांची गाडी शाळेपुढे उभी राहिली. त्यांना कुणी सांगितलं, हे विचारायची गरज नव्हती. लोखंडे सर फळा पुसण्यात गुंतले होते, आणि फळा कोराच होता.

“मॅडम, लेखी देणार म्हणे तुम्ही,” साहेब म्हणाले.

“ती मुलं मंद नाहीत, साहेब. आपण पेटीला खोटं शिकवलं.”

“आपण?” ते हसले. “कागदावर सही तुमची असणार. तुमच्या एका कागदाने हजारो शिक्षकांच्या चौकश्या लागतील. पहिली तुमची. बीजपाठ तुमचा आहे ना? पेपरात फोटो कुणाचा येणार?” मग आवाज आणखी खाली आणून म्हणाले, “तुमचा जीव त्या एका पोरीत अडकलाय. मग तिची तयारी करून घ्या. तयारी करून घेण्यात तुमचा हात धरणारं कोण आहे या तालुक्यात?”

मी घाबरले. याला दुसरा शब्द नाही. सव्वीस वर्षं जमवलेलं नाव, ती शाल, रस्त्यात लवून नमस्कार करणारे पालक, सगळं एका कागदावर ठेवायचं माझ्याने झालं नाही. आणि साहेबांनी पळवाटही दाखवली होती. सेजल तेवढी वाचणार होती. बाकीची चारशे सहा माझ्या ओळखीची नव्हती.

केतकीला फोन केला. “हो, नेहमीसारखेच होते पाठ,” म्हणाले.

“बरं,” ती म्हणाली. तिचा आवाज उतरला होता. “मग मुलीतच काहीतरी असेल, मॅडम.”

मी फोन ठेवला. “नाही” म्हणायला माझ्याकडे चार सेकंद होते, तेवढेही मी वापरले नाहीत.

तिसऱ्या रंगापर्यंत शाळेचे वीस दिवस होते. खिचडी शिजवायच्या खोलीत पेटी नव्हती. मधल्या सुट्टीनंतर रोज मी सेजलला तिथे नेऊ लागले. रंग ठरवायच्या तपासणीचे प्रश्न उमज स्वतः निवडायची, त्यामुळे उत्तरं पाठ करून घेण्यात अर्थ नव्हता. पण पेटी मोजत होती ती पहिल्या शब्दापर्यंतचा वेळ. म्हणजे पहिला शब्द लवकर आला, की झालं.

“प्रश्न संपला की लगेच म्हणायचं, मॅडम, उत्तर असं आहे की,” मी सांगितलं. “तेवढं म्हणेपर्यंत विचार करून घ्यायचा.”

“तेवढ्यात नाई होत मॅडम.”

“होतं. म्हण.”

ती म्हणायची आणि पुढे अडायची. डोळे खिडकीकडे जायचे. मी हनुवटी धरून तिचा चेहरा माझ्याकडे वळवायचे. “बाहेर नाही बघायचं. माझ्याकडे बघ. तोंडात येईल ते बोल.”

“चुकलं तर?”

“चुकू दे. गप्प बसू नकोस.”

सातव्या-आठव्या दिवशी ती रडली. मी तिला गूळ-शेंगदाणे दिले आणि पुन्हा बसवलं. तुझ्या याडीला सोडून जायचंय का, असंही एकदा विचारलं. ते विचारायला नको होतं. पण त्यानंतर तिने वेग घेतला. पंधराव्या दिवशी माझा प्रश्न संपायच्या आत तिचं “उत्तर असं आहे की” सुरू व्हायचं आणि पुढे काहीतरी यायचं. कधी बरोबर, पुष्कळदा चूक. पण चुकली की मी सांगितलेलं ती लगेच म्हणून दाखवायची. अगदी आदर्श पाठातल्या पोरासारखी. मी स्वतःच्या कामावर खूश होते, हेही लिहून ठेवते.

तपासणीच्या आठवड्यात उमजने तिला बावीस प्रश्न विचारायला सांगितले. नऊ बरोबर आले, तेरा चुकले. सरासरी वेळ एक सेकंद. शनिवारी रंग आला. पिवळा. शेजारी शेरा, “उल्लेखनीय प्रगती.”

सोमवारी बबिता नारळ घेऊन आली. “लय उपकार झाले मॅडम,” म्हणाली. “घरी बी आता फटाफट बोलते. पयले काही इचारलं तर घडीभर गप ऱ्हाये. आता तोंडातून शब्द निघाला का उत्तर तयार. परवा बकऱ्याइचा हिशेब चुकला, पण कसा पटकन सांगितला!”

ती हसत होती. मी नारळ घेतला. शाळा सुटली होती, पोरं पांगली होती आणि सेजल आईच्या पदराशी उभी होती. पायरीजवळ मुंग्यांची रांग चालली होती. मला एकदम वाटलं, इथे पेटी नाही, कानात यंत्र नाही, कुणी मोजत नाही. बघावं तरी.

मी तिच्याजवळ खाली बसले. “सेजल, या मुंग्यांना वाट कशी माहीत असेल गं?”

“मॅडम, उत्तर असं आहे की त्यायले डोळे असतात म्हणून.”

“अगं, माझ्याकडे नको बघू. मुंग्यांकडे बघ,” मी म्हटलं. “काही घाई नाही. लागू दे वेळ. नीट विचार करून सांग.”

ती मुंग्यांकडे बघेना. ती माझ्याकडेच बघत राहिली, मी काही फसवाफसवी करते आहे की काय, अशा नजरेने. मग आईचा पदर घट्ट धरून म्हणाली, “नाई मॅडम. विचार केला का निळं येते.”

“पाहा, किती हुशार झाली,” बबिता म्हणाली, आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवत तिला घरी घेऊन गेली.